बांधपाण्यात कोणी कुठे उभं राहायचं

वडिलांची बदली तळोज्याच्या कारखान्यात झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कळंबोलीत आम्हाला जे घर मिळणार होतं त्या इमारतीला अजून जिने बसायचे होते, म्हणून तात्पुरतं म्हणून पनवेलबाहेरच्या एका गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तात्पुरतं हा शब्द आईचा. त्या एका शब्दावर आमची चार वर्षं निघाली. आई पुण्यात वाढलेली. तिने काही खोकी शेवटपर्यंत उघडलीच नाहीत, आणि पाहुणे आले की त्या खोक्यांकडे हात करून ती सांगे, आम्ही काही इथले नव्हे.

मला मात्र आल्या आल्या इथलं व्हायचं होतं. इथलं होण्याचा रस्ता त्या गावात एकच होता आणि तो खळ्यावरून जायचा.

गावाच्या एका अंगाला हायवे आणि दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. शेतांच्या पलीकडे खाडी, आणि शेत नि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध. भरतीचं खारं पाणी अडवून धरायचं एवढंच त्याचं काम. उधाणाच्या भरतीला बांध कुठेतरी फुटायचा. त्या भगदाडाला खांड म्हणत. खांड पडल्याची हाक आली की हातातला घास टाकून सगळं गाव टोपल्या-फावडी घेऊन पळे, कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवत नाही. या सगळ्या जमिनीचे कागद सरकारकडे केव्हाच गेले होते. तिथे नवं शहर व्हायचं होतं. पण शहर येईपर्यंत कसायला कोणी अडवत नव्हतं, त्यामुळे गाव कागदाकडे पाठ करून नांगर धरत होतं.

या बांधाचा मुलींनी एक खेळ केला होता. त्याला बांधपाणी म्हणत. झोडणी होऊन भात घरात गेलं की सारवलेलं खळं रिकामं पडे, आणि तेव्हापासून होळीपर्यंत रोज संध्याकाळी तिथे बांधपाणी चाले. आठ-दहा मुली हात धरून गोल उभ्या राहायच्या. हा बांध. मधोमध सगळ्यात लहान पोर मूठभर पेंढा धरून उभी. ती भात. आणि गोलाच्या बाहेर एक किंवा दोघी, त्या खारं पाणी. बांध गाणं म्हणत फिरायचा, आणि प्रत्येक कडव्यानंतर पाणी आत यायची परवानगी मागायचं.

"राब भाजला, धूर उठला,
धूर गेला डोंगराला."

पेरणीआधी पालापाचोळा टाकून जमीन भाजतात, तो राब. पाणी विचारायचं, "येऊ का ग बायांनो?" बांध म्हणायचा, "आज नको, राब तापला हाय."

"नांगर फिरला, चिखल झाला,
चिखल आला गुडघ्याला."

"येऊ का ग बायांनो?"

"आज नको, बैल दमला हाय."

"आवन काढलं, मूठ बांधली,
मूठ गेली शेताला."

आवण म्हणजे लावणीची रोपं. या कडव्याला सगळा बांध कमरेत वाकून मागे मागे सरकायचा, लावणी करतात तसा, आणि म्हणायचा, "आज नको, कंबर वाकली हाय." असं करत करत शेवटचं कडवं यायचं.

"दाना भरला, लोंबी लवली,
लोंबी टेकली मातीला."

आता पाण्याने "येऊ का" विचारलं की बांध उत्तर देत नसे. फिरायचं थांबायचा, पाय रोवायचा, आणि तोंड मिटून उभा राहायचा. मला या खेळातलं सगळ्यात आवडायचं ते हे गप्प होणं. मग पाणी धावत यायचं आणि दोन हातांच्या मधून धडक मारायचं. बांध टिकला तर पीक घरात, हात सुटले तर खांड.

खेळ असा सोपा होता. अवघड होतं ते आत जाणं. हात धरताना प्रत्येक मुलीला आपल्या शेताचं नाव सांगावं लागे. तिथे प्रत्येक शेताला नाव असतं. कोणी वडाखालचं, कोणी मधली पट्टी, कोणी तिवरीकडचं, कोणी लांबोडी. "तू कोन?" "मी वडाखालचं." मग हात मिळायचा. एका मुलीला एकच शेत, आणि ते तिच्या घरचंच हवं. मोठी बहीण लग्न होऊन गेली की तिचं नाव मोकळं व्हायचं. ज्या मुलीला सांगायला शेत नाही ती बाहेर. ती पाणी. शेतवालीने चुकूनसुद्धा पाणी व्हायचं नाही, नाहीतर तिच्या शेताला त्या साली खरोखरची खार लागते, असं सगळ्याच मुली मानत. त्यांच्या आयाही मानत.

त्यामुळे पाणी दोनच. एक मी, भाडेकरूंची. दुसरी, वीटभट्टीवरची.

भट्टी गावाला लागूनच होती. दिवाळीनंतर डोंगराच्या कडेच्या वाडीतून कातकऱ्यांची घरं भट्टीवर यायची, शेजारी झोपड्या बांधायची, आणि पावसाच्या तोंडावर परत जायची. पावसाळ्यात तीच माणसं याच गावाच्या शेतात लावणीला यायची. ही मुलगी माझ्याएवढीच होती. दिवसभर कच्च्या विटा उन्हात पालथ्या घालायची आणि संध्याकाळी हातपाय धुऊन खळ्यावर. तिला नाव होतं, पण गावात तिला भट्टीवरची म्हणत, आणि तीही त्याच हाकेला ओ देत असे.

पाणी म्हणून मी अगदीच कुचकामी. माझी धडक बसली की बांधातल्या मुली हसायच्या. ती मात्र पाणी म्हणून जबरदस्त. लांबून धावत यायची नाही. गोलाभोवती हळूहळू फिरायची, एकेकीच्या मनगटांकडे बघत, आणि जिचं लक्ष जरा ढळलं तिथेच घुसायची. तिच्यामुळे खेळाला मजा होती. ती ज्या दिवशी यायची नाही त्या दिवशी माझ्यावर भागवावं लागे आणि सगळ्यांचे चेहरे पडत.

आणि तिला पाणी व्हायचं नव्हतं. तिला बांधात उभं राहायचं होतं. हे तिने कधी लपवलं नाही. रोज हात धरायची वेळ आली की ती पुढे व्हायची आणि एखादं नाव सांगायची. "मी लांबोडी." गोलाची मुखत्यार आमच्या घरमालकांची मुलगी होती. दोघी बहिणींतली लहान म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. धाकटी म्हणायची, "लांबोडी आमची हाय. तू पानी." दुसऱ्या दिवशी ती म्हणायची, "मी मधली पट्टी." "ती हिची हाय. तू पानी." ती सगळ्या शेतांतून आईबरोबर लावणीला फिरलेली होती, त्यामुळे तिच्याकडे नावांना तोटा नव्हता. पण प्रत्येक नावाला आधीच एक मुलगी चिकटलेली होती. लांबोडी धाकटीच्याच घरची. पण धाकटी वडाखालचं होती आणि लांबोडी म्हणायला त्या घरात मुलगी उरली नव्हती. तरी नाही. मग ती मुकाट्याने बाहेर यायची, माझ्या शेजारी उभी राहायची आणि मला म्हणायची, "तू तिकरून ये, मी हिकरून येते." मला वाटायचं आम्ही दोघी एका पक्षाच्या आहोत.

दुसऱ्या वर्षी तो पक्ष फुटला. धाकटीच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं, ती उरणकडे गेली, आणि तिचं तिवरीकडचं हे नाव मोकळं पडलं. त्या संध्याकाळी धाकटीने मला हाक मारली. "तू ये ग. तू तिवरीकडचं."

भट्टीवरचीने लगेच विचारलं, "ती कशी? तिचं कुटं शेत हाय?"

"आमचे घरान रातंय ना ती. आमचीच हाय."

"तिने कदी चिखलान पाय ठेवला हाय?"

हे खरं होतं. आईने मला शेतात पाय ठेवू दिलेला नव्हता. पण धाकटीने हात पुढे केला आणि मी तो धरला. मला अतोनात आनंद झाला. आज हे लिहिताना त्या आनंदाला पश्चात्तापाची फोडणी द्यावी असं वाटून जातं, पण मी देणार नाही. मी दहा वर्षांची होते आणि वर्षभर बाहेर उभी होते. घरी जाऊन मी आईला सांगितलं, "मी तिवरीकडचं झाले." आई म्हणाली, "आधी पाय धू."

त्या दिवशी खेळ रोजच्यासारखा सुरू झाला. राब झाला, नांगर झाला, लावणी झाली. भट्टीवरचीने प्रत्येक वेळी "येऊ का" विचारलं. शेवटचं कडवं झालं, बांध थांबला, आम्ही पाय रोवले. मी पहिल्यांदाच आतून ते गप्प होणं अनुभवत होते. आणि ती खळ्याच्या कडेला जाऊन खाली बसली.

आम्ही वाट पाहिली. हात दुखायला लागले. मधली पोर पेंढा धरून कंटाळली. धाकटी ओरडली, "ये ना ग!"

"नाय येत."

"येते की नाय?"

"नाय. मना बांधान उभी करा, नायतर पानी नाय."

बांधाचं काय करायचं असतं हे पाणी नसल्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं. गोल तसाच थोडा वेळ उभा राहिला आणि मग मोडला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेतवालीने पाणी व्हायचं नाही हा नियम, आणि मी आता शेतवाली. नियम इतका पक्का करून ठेवला होता की त्यात आमचीच मान अडकली. धाकटीने मला परत पाणी व्हायला सांगून पाहिलं. मी म्हटलं, "तिवरीकडच्याला खार लागली तर?"

मग मुली धाकटीच्या आईकडे गेल्या. तिला आम्ही काकी म्हणायचो. काकी ओटीवर तांदूळ पाखडत होती. जाडजूड बाई, बोलायला फटकळ, पण पोरांच्या भांडणात तिला गोडी होती. काकीचं माहेर जासईकडचं. ती म्हणाली, "आमचेकरं असा नाय खेलत. आमचेकरं मिठागरं. आमी पानी आत घेतो. बांध उघरायचा, पानी आत आला की मिटायचा, न् पान्याचं मीठ होईपर्यंत सोरायचं नाय." म्हणजे तिच्या माहेरी पाणी हा शत्रू नव्हताच, ते पीक होतं. काकीने सूप खाली ठेवलं आणि भट्टीवरचीला म्हणाली, "तुला आत घेतील त्या. झाला ना मग?"

ती म्हणाली, "मना आत नको. मना बांधान उभी करा."

"आत काय न् बांधान काय, सारखाच!"

"नाय सारखा," ती म्हणाली आणि भट्टीकडे निघून गेली. काकी हसली. "लय चढलीय," असं म्हणाली आणि परत पाखडायला लागली. त्या वर्षी बांधपाणी तिथेच थांबलं. होळी आली, मग भट्टीवरची माणसं गेली, मग लावणीला परत आली. मी ओटीवरून पाहिलं, ती आईच्या शेजारी लांबोडीत वाकून मागे मागे सरकत होती. गाण्यातल्यासारखी नव्हे, भराभर.

पुढे कॉलेजात असताना मी या खेळाचा इतिहास काढायला निघाले होते. इतिहास काढायचा म्हणजे तोंड वर करून लोकांना विचारत सुटायचं. पनवेलच्या एका निवृत्त गुरुजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं की हा खेळ त्यांच्या चुलत्यांनी शाळेसाठी रचला, मुलांना शेतीच्या पायऱ्या पाठ व्हाव्यात म्हणून. त्यांच्या चुलत्यांनी बरंच काही रचलं होतं असं त्यांच्या बोलण्यावरून दिसलं. काकीने सांगितलं, "आमची आय खेलायची, तिची आय खेलायची," आणि त्यापुढे मागे जायला तिला काही कारण दिसेना. नव्या पनवेलच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मला तोच खेळ दिसला. मुलींना नऊवारी नेसवली होती, निळं कापड दोन्ही बाजूंनी हलवून पाणी केलं होतं, आणि "कोणाचं शेत" हा भाग वेळेअभावी गाळला होता. टाळ्या पुष्कळ पडल्या.

खरं सांगण्यासारखं काही सांगितलं ते एका म्हाताऱ्याने. गावाच्या देवळासमोर बसायचा. त्याच्या लहानपणी हा खेळ मुलगे खेळायचे आणि खळ्यावर नाही, खऱ्या बांधावर. उधाणाच्या दिवसांत पोरांना बांधावर राखणीला बसवत, आणि झोप लागू नये म्हणून पोरं हे गाणं म्हणत. मी विचारलं, तेव्हा शेताचं नाव कोण कसं सांगायचं? तो म्हणाला, "नाव कसला सांगतंय? शेत कोनाचा होता? खोताचा. आमी सगली कुलां." पाणी कोण व्हायचं? "पाल्या लावायच्या. आज हा, उद्या तो."

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. शेताचं नाव सांगायचा नियम कुळांच्या नावावर जमिनी झाल्यानंतरचा होता. ज्यांच्याकडे पूर्वी काहीच नव्हतं त्यांच्या मुलींनी, मिळालेलं शेत मिरवायला, तो खेळात घातला असणार. बांधावरचे मुलगे गेले, खळ्यावर मुली आल्या, पाळ्या गेल्या, नावं आली. खार लागायची भीतीही तेव्हाचीच असणार, कारण खोताच्या शेताला खार लागेल म्हणून कुळाचं पोर कशाला घाबरेल? आम्हाला जो नियम युगानुयुगे चालत आलेला वाटत होता, त्याचं वय काकीच्या लग्नापेक्षा फार जास्त नव्हतं. आणि ज्यांच्या नावावर तेव्हाही काही झालं नाही, त्यांच्या मुली त्या दिवसापासून कायमच्या पाणी झाल्या. मला हे कळलं तेव्हा राग आला. कोणावर काढायचा ते मात्र कळलं नाही, म्हाताऱ्याला चहा पाजला आणि घरी आले.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की पाणी रुसलंय आणि खेळ बंद आहे. तिसऱ्या वर्षीही तो बंदच राहिला.

चौथ्या वर्षी सरकारने जमिनीचा ताबा घेतला. कापणी होऊन गेल्यावर एका सकाळी हायवेवरून मुरुमाचे ट्रक आत वळले आणि परत परत वळत राहिले. ट्रक पार खाडीच्या काठापर्यंत न्यायला त्यांनी तिकडचा बांध दोन ठिकाणी कापला. एवढी मोठी खांड गावाने कधी पाहिली नव्हती. पण कोणी टोपली उचलली नाही. बायामाणसं ओटीवर उभी राहून बघत होती. धाकटीचा बाप दुपारभर घरात पालथा झोपून राहिला आणि काकीने कोणालाही त्या खोलीत जाऊ दिलं नाही. पहिला मुरूम पडला तो लांबोडीत, कारण ती रस्त्याला सगळ्यात जवळ. मग वडाखालचं, मग मधली पट्टी. दिवसेंदिवस लाल माती सरकत होती आणि आम्ही शाळेतून येताना कुठपर्यंत आली ते बघत होतो. तिवरीकडचं बुजलं त्या दिवशी मला वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटायचा हक्क आहे का, असंही वाटलं.

कळंबोलीच्या इमारतीला एकदाचे जिने बसले होते. आमचं सामान बांधून झालं होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी धाकटी म्हणाली, एकदा बांधपाणी खेळू. खळं त्या वर्षी सारवलेलं नव्हतं, भेगा पडल्या होत्या. मुली जमल्या. भट्टीवरचीही आली आणि कडेला उभी राहिली. त्या वर्षी ती उंच झाली होती, आणि आम्ही सगळ्याच आता या खेळाला थोड्या मोठ्या होतो.

हात धरायची वेळ आली. "तू कोन?" "मी मधली पट्टी." कोणीही म्हटलं नाही की मधल्या पट्टीवर ट्रक उभे आहेत. "तू कोन?" "मी तिवरीकडचं," मी म्हटलं. शेवटी धाकटी म्हणाली, "मी वडाखालचं." भट्टीवरची नेहमीसारखी पुढे आली.

"मी लांबोडी."

धाकटीने तोंड उघडलं, पण त्याआधी ओटीवरून काकीचा आवाज आला. "घे. घे ग बाय लांबोडी. तुझीच ती. तुमीच लावलीत, तुमीच कापलीत." आवाज चिरका झाला होता. हे काकीला आधीही सुचू शकलं असतं. तेव्हा लांबोडीत भात होतं.

धाकटी आईकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही. मग तिने बाजूला सरून जागा केली आणि भट्टीवरची आमच्या दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली. एक हात धाकटीला, एक मला. तिचा तळवा विटेसारखा खरखरीत होता आणि तिने माझा हात असा धरला की बोटं कळवळली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुरूम तिलाही दिसत होता, ती रोज त्याच्या कडेने येत होती. तरी तिचा चेहरा उजळला होता. तिला खरोखरच आनंद झाला होता.

आम्ही फिरायला लागलो. राब भाजला, धूर उठला. कडवं संपलं आणि पुढे काहीच झालं नाही. "येऊ का" विचारायला बाहेर कोणी नव्हतं. सगळ्यांकडे शेत होतं. हे आमच्या ध्यानात आलंच नव्हतं. दोघी-तिघी हसल्या. कोणीतरी म्हणालं, "पानी कोन?" कोणी हललं नाही. शेतवालीने पाणी व्हायचं नसतं, आणि बुजलेल्या शेताला खार लागायची भीती त्या संध्याकाळीसुद्धा कोणाच्या मनातून गेली नव्हती. मग भट्टीवरचीने स्वतःच पुढचं कडवं धरलं. तिला सगळं गाणं बाहेरून ऐकून पाठ होतं. आम्ही तिच्यामागे म्हणत गेलो, पाण्याने न विचारताच उत्तरं देत गेलो. राब तापला हाय. बैल दमला हाय. कंबर वाकली हाय. लोंबी मातीला टेकली आणि आम्ही थांबलो.

तिने पाय रोवले. बाकीच्याही गप्प झाल्या, सवयीने. लांबून ट्रक मुरूम ओतत असल्याचा आवाज येत होता. मधली पोर पेंढा खाली टाकून घरी गेली. मग एकीला आईने हाक मारली, ती गेली. एकेक हात सुटत गेला. धाकटीने आपला हात सोडवून घेतला आणि डोळे पुसत ओटीकडे निघून गेली. खळ्यावर आम्ही दोघीच राहिलो. आई मला बोलवत होती, टेम्पो सकाळी लवकर येणार होता.

"सोड ना हात," मी म्हटलं. "संपला खेळ."

ती खाडीच्या दिशेने बघत होती. पाय तसेच रोवलेले.

"अजून पानी नाय आलं," ती म्हणाली, आणि तिने माझा हात आणखी घट्ट धरला.